गुबगुबीत ती माझी

फार फार वर्षांपूर्वी, राजाच्या मिशा काळ्या होत्या आणि राजवाड्यातलं मांजर आळशी होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुदपाकखान्यात कणगीमागे दोन उंदरिणी राहायच्या, सख्ख्या बहिणी.

दोघी एकाच वेळी बाळंत झाल्या. उंदरांची रीतच अशी, की बहिणींनी गोधडीचा कापूस कुरतडून एकच घरटं करायचं आणि सगळी पिल्लं त्यात घालायची. एक दाण्याला गेली की दुसरीनं पिल्लांवर बसायचं, तोंड उघडेल त्याला पाजायचं. पिल्लं तरी कशी? उघडी, आंधळी, गुलाबी. सगळी एकाच साच्यातली!

पण थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि ते काही बाळंतपणाचं नव्हतं. धाकटीचं अंग तुकतुकीत, मिशा लांब. येणारा-जाणारा प्रत्येक उंदीर धाकटीलाच विचारायचा, "काय बाळंतीणबाई, बरं आहे ना?" थोरली काय भाड्यानं आणली होती?

एकदा ती फणकारली, "माझं दूध पिऊन तुझीच पोरं फुगतायत!"

"अगं ताई, तुझी कुठली नि माझी कुठली, कुणाला ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. गुबगुबीत ती माझी, किडकिडीत ती तुझी!"

हसू नका. दोन जावांच्या घरात हाच हिशेब चालतो, फक्त शेपट्या नसतात.

धाकटी दाण्याला गेली, तशी थोरलीनं गुबगुबीत पिल्लं एकेक करून तोंडात धरली आणि पार पाणवठ्याच्या कपारीत नेली. ऐटीत बसली. पण पाजणाऱ्या आईची भूक ती! थोड्याच वेळात पोटात कावळे ओरडू लागले. ती दाण्याला निघाली. पिल्लांवर बसायला मागे कोण होतं? तिचा हेवा? त्याला कुठली ऊब!

परत येऊन बघते तर पिल्लं गारठलेली. एकेकाला उचलून ती धापा टाकत जुन्या घरट्याकडे धावली. धाकटीनं सगळी पोटाखाली ओढली. हळूहळू पिल्लं वळवळू लागली. एक मात्र हललंच नाही.

"ताई, कुणाचं गं हे?"

थोरलीनं हुंगलं, चाटलं, पुन्हा हुंगलं. तिला सांगता येईना. मग दोघीही ते आपलंच समजून रडल्या.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: वाटलेली ऊब सगळ्यांना पुरते, वेगळी काढलेली आपल्यालाही पुरत नाही.