खिडकीखालचा पाढा

“…आणि मुलांचा पाढा म्हणून झाला की खिडकीबाहेरून अजून कुणीतरी म्हणतं, बाई. पण तिथं तर—” दळणाचे डबे घेतलेल्या दोघी बोलत पुढे निघून गेल्या, आणि उरलेलं वाक्य त्यांच्याबरोबरच गेलं.

गाव एक, शाळा दोन. एक गावातली मोठी, दुसरी बौद्धवाड्यातली, चौथीपर्यंतची. दोन्ही शाळांनी एकमेकींचा हात धरला आणि वाड्यातली मुलं पाचवीला मोठ्या शाळेत येऊ लागली. त्यांना पुस्तकं मिळाली, गणवेश मिळाला, हवेशीर म्हणून खिडकीजवळचे बाक मिळाले. माझं परसदार शाळेला लागूनच, तेव्हा हे सगळं डोळ्यांदेखतचं.

पण दुपारी पाढे सुरू झाले की अंगावर काटा यायचा. वर्गाचं ‘सत्तावीस दुणे चोपन्न’ म्हणून संपायचं, क्षणभर शांतता, आणि मग खिडकीखालून, रिकाम्या अंगणातून, तेच शब्द दबक्या सुरात उमटायचे.

एके दिवशी वाड्यातल्या उत्पलाची आई तिला घरी न्यायलाच आली. पोरगी हुशार आहे, पण भुताच्या तोंडी देणार नाही, शिकली तेवढं बास झालं, म्हणाली. वाड्यातली बाकीची मुलंही दप्तरं आवरू लागली. तरुण शिक्षक गडबडले आणि खिडकी विटांनी बुजवून टाकू म्हणाले. त्यांना लहानपणी शिकवलेले वृद्ध गुरुजी त्या दिवशी शाळेत आले होते, तिथेच बसले होते. त्यांनी आईला एका पाढ्यापुरतं थांबायला सांगितलं आणि उत्पलाला उभं केलं.

“आज तू आधी म्हण.”

उत्पला बाकीच्यांनी सुरुवात करायची वाट पाहत राहिली. गुरुजी उठले, बाहेर गेले आणि पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी खिडकीखालच्या धुळीत मांडी घालून बसले.

“म्हण बाळ. मी इथून तुझ्यामागून म्हणतो.”

उत्पलाने सुरुवात केली. बाहेरून गुरुजी, मग हळूहळू सगळा वर्ग तिच्यामागून म्हणू लागला.

पाढा संपल्यावर शिष्याने खिडकीतून वाकून विचारलं, “गुरुजी, हे काय?”

“अरे, मी या वर्गात शिकत होतो तेव्हा उत्पलाचा आजा इथं बसायचा, बाहेर. आतल्यांचं म्हणून झालं की मगच त्यानं म्हणायचं, अशी रीत. तो गेला, रीत वाड्यात घरोघरी राहिली. ही पोरं अजून आतल्यांचं होऊ देतात, मग हळूच म्हणतात. खिडकीबाहेरच्या भिंतीवर आदळून ते बाहेरून ऐकू येतं. आपण त्यांना बाक दिला. आधी बोलण्याची पाळी दिली नाही.”

आईने उत्पलाचं दप्तर बाकावर परत ठेवलं.

गुरुजी आत आले. उत्पलाने पुढचा पाढा धरला. या वेळी वर्गातलं कुणीच मागे राहिलं नाही, हे मी स्वतः ऐकलं. तरीही खिडकीखालून एक आवाज उशिराने आलाच. मी भिंतीवरून वाकून पाहिलं. धुळीत गुरुजींच्या बसण्याची खूण होती, बाकी कुणी नव्हतं.

आत उत्पलालाही तो ऐकू गेला असावा. ती थांबली नाही. खिडकीकडे पाहून जरा सावकाश म्हणू लागली, मागच्याला गाठता यावं म्हणून.