खाडीचा कारभारी पाणकावळा

खाडीला फक्त मासळीचा वास यायचा, तेव्हाची गोष्ट. काठच्या गावाने सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि यंत्र बंदच राहिलं. काळं पाणी पाइपातून थेट खाडीत पडू लागलं.

यंत्राच्या भिंतीवर बसणारा पाणकावळा स्वतःला खाडीचा कारभारी म्हणवून घेई. खडकाला चिकटलेली कालवं आपल्या शिंपल्यांत गुदमरू लागली, तेव्हा कुर्ली त्याच्याकडे गेली.

“कारभारी, पाणी घाण येतंय.”

“शुद्ध आहे. मी स्वतः पाहिलंय.”

“मग इथे एक बुडी मारून दाखवा.”

“आज माझा उपास आहे,” असं म्हणून तो लांबच्या स्वच्छ पाण्यात मासे मारायला उडाला.

कुर्लीने आपल्या सगळ्या भाईबंद खेकड्यांना गोळा केलं. त्यांनी चिखल आणि शिंपले कोंबून पाइपाचं तोंड बुजवलं. घाण उलटी फिरून गावाच्या चौकात चढली. दुसऱ्याच दिवशी यंत्र सुरू झालं, तेव्हा खेकड्यांनी पाइप मोकळा केला.

पाणकावळा ऐटीत खडकावर उतरला. “बघा, माझ्या शब्दाला किती वजन आहे! कालवंसुद्धा आ वासून ऐकतायत.”

“ती मेलीत, कारभारी,” कुर्ली म्हणाली. “जिवंत कालव तुमच्यासाठी तोंड उघडत नाही.”