बिजली घोडीची वेबसाईट

एका गावात एक भोळा घोडीवाला होता आणि त्याच्याहून शहाणी अशी त्याची पांढरी घोडी होती. घोडीवाल्याचं नाव हैबती, घोडीचं बिजली. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत न्यायचं, हा दोघांचा धंदा. पण हल्लीचे नवरदेव फुलं चिकटवलेल्या जीपमधून यायला लागले आणि बिजली दारात उभी राहून नुसती वैरण खायला लागली. शेवटी हैबतीची बायको कौसाबाई म्हणाली, "या लगीनसराईत सुपारी आली तर ठीक. नाहीतर घोडी बाजारात न्यायची."

बिजलीवर हैबतीचा फार जीव. तो तालुक्याला नाना पाठाऱ्यांच्या छापखान्यात गेला. नाना लग्नपत्रिका छापत, आणि पत्रिका मोबाईलवरच जायला लागल्यापासून वेबसाईटही करून देत. हैबतीचा खिसा ओळखून त्यांनी सांगितलं की स्वस्तात बसवायचं तर एक पान, एक फोटो आणि खाली चार ओळी. फोटोत मात्र गिऱ्हाईकाला काय मिळणार ते दिसलं पाहिजे.

"कळलं," हैबती म्हणाला. त्याला सगळं लगेच कळायचं, तीच तर पंचाईत होती.

गिऱ्हाईकाला काय मिळणार? बसायला पाठ. हैबतीने नुसत्या पाठीचा फोटो काढून आणला. नानांना वाटलं, चुना दिलेली भिंत आहे. त्यांनी समजावलं की बाबा, इतक्या जवळून नाही, लांबून घ्यायचं, म्हणजे सगळं मावतं.

"कळलं."

मग नानांनी पत्ता लिहून मागितला. हैबतीने तो लांबून घेतला. कागदावर लिहिलं, 'भारत'. सगळं मावलं होतं. नानांनी कपाळाला हात लावला आणि बजावलं की असं मोघम लिहायचं नाही, बारीकसारीक सगळं सांगायचं, काही म्हणजे काही सोडायचं नाही.

"कळलं."

त्यानंतर घोडीची माहिती हवी होती. हैबतीने काही सोडलं नाही. बिजलीच्या डाव्या कानाला भोक आहे. शेपटीत गोचिडी आहेत. फटाका वाजला की ती लीद टाकते, आणि मागे एका व्याह्याचा फेटा तिने डोक्यावरून उचलून खाल्ला होता. नाना वाचता वाचता खुर्चीतून उठले. असलं गिऱ्हाईकाला दाखवायचं नसतं, झाकायचं असतं, असं ते चांगलेच ओरडून म्हणाले.

"कळलं."

हैबतीने नवा फोटो आणला. कानाला भोक, म्हणून डोकं झाकलं होतं. शेपटीत गोचिडी, म्हणून मागची बाजू झाकली होती. मधलं तरी कशाला उघडं ठेवा, म्हणून तेही झाकलं होतं. फोटोत एक निळी ताडपत्री चार पायांवर उभी होती. या वेळी नाना ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि विनवलं की घोडी उघडी ठेव, लांब उभा राहा आणि पाठीवर कुणाला तरी बसव, म्हणजे ती कशासाठी आहे ते लोकांना कळेल.

घरात बसवायला कौसाबाईच होती. जन्मभर तिने त्या घोडीची लीद काढली होती, पाठीवर मात्र कधी बसली नव्हती. आज बसली. वरून शेजारणीचं अख्खं अंगण दिसलं, तिची न सारवलेली चूलही दिसली. कौसाबाईला ते फारच आवडलं. ती हसली आणि फोटो झकास आला. फोटोत नवरदेव असता तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं. पण हैबतीला पुन्हा काही सांगायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी तोच फोटो चढवून टाकला.

आणि खरोखरच साईट बघून शेजारच्या गावातून एक सुपारी आली. नानांनी हैबतीला फोन केला. "हैबती, नीट ऐक. साईटवर जे दाखवलंय तेच तिथे गेलं पाहिजे. त्यात काही कमी नाही, काही जास्त नाही. नाहीतर लोक म्हणतील फसवलं, आणि मग तुझी घोडी गेलीच बाजारात."

"कळलं," हैबती म्हणाला, आणि कौसाबाईला फोटोतलं लुगडं नेसायला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव देवळात मारुतीच्या पाया पडत होता. बाहेर बँड सुरू झाला. बँड वाजला की चालायचं, एवढं बिजलीला लहानपणापासून पाठ, ती चालू लागली. वऱ्हाड पुढे नाचत होतं आणि नाचताना कोण मागे बघतो? वरात थेट मांडवाच्या दारात आली. नवरीची आई आरती घेऊन पुढे झाली. लेक जाणार म्हणून तिचे डोळे सकाळपासून भरलेले, तिला धड दिसत नव्हतं. तिने ओवाळलं. कौसाबाई वाकली आणि तिने कुंकू लावून घेतलं. त्याच क्षणी तिने ठरवून टाकलं की ही घोडी काही विकायची नाही.

मग नवरीच्या आईने डोळे पुसले आणि वर पाहिलं. बँड थांबला. बिजलीने जवळचा एक फेटा तोंडात धरला.

"नवरदेव कुठाय?" नवरीच्या आईने विचारलं.

हैबतीने मोबाईल काढून फोटो तिच्यापुढे धरला. "हे बघा मावशी, जसं दाखवलं तसंच आणलंय. तुमचा नवरदेव ह्यात नव्हता. तरी घोडीवर बसायला येत होता, म्हणून त्याला देवळात कोंडून बाहेरनं कडी घातलीय."