धनुष्याला बांधलेला भाता

"मग यांतला कुठला बांधू, बाबा?"

दिलवरने तीन भाते दामज्याबाबासमोर टाकले. तिन्ही धनुष्यालाच बांधायचे. पाठीवरचा भाता झुडपात अडकतो. एक कातड्याचा, एक बाजारातला प्लास्टिकचा, एक बांबूचा, आत मेंढीची लोकर ठासलेली.

म्हाताऱ्याने एकालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रानातली शर्यत होती. तिथे गवताचं डुक्कर उभं करतात. त्याच्यामागे, दगडाआड, एक जण डोळे मिटून बसतो. डुकराला बाण लागायच्या आत त्याला माणसाची चाहूल लागली, की तो टाळी वाजवतो. टाळी वाजली की बाद.

प्रत्येक पाड्यातून एकच जण जातो. कोण, ते म्हातारे ठरवतात. धनुष्य ओढवत नाही, पण ठरवणार तेच. इथे ठरवणार होता दामज्याबाबा. त्याचे हात इतके कापत की अर्धा चहा अंगावर सांडे.

"बांबूचाच," दिलवर स्वतःच म्हणाला. भाता बाणांनी भरला, धनुष्याला आवळून बांधला, म्हाताऱ्याच्या कानाशी गदगदा हलवला. "येतंय काही ऐकू?"

"नाही."

"की कानही गेले?"

"ते तेवढे राहिलेत."

"दरवर्षी तुमच्या भाच्याला पाठवता. दरवर्षी टाळी खाऊन परत येतो."

"हो. खोकतो फार."

"मग या वेळी मी जातो."



दामज्याबाबा उठला. मोहाच्या बुंध्याला गवताची पेंढी टेकवली. स्वतः बुंध्याआड जाऊन बसला, डोळे मिटले.

"ये."

दिलवर आला. वाळल्या पानांवरून, चवड्यांवर. भाता मुका. टाळी नाही.

बाण सुटला. पेंढीच्या कडेला घासून पलीकडे गेला.

"च्यायला…" ओठातल्या ओठात.

त्याने दुसऱ्या बाणाला हात घातला. पहिल्याची जागा रिकामी झाली होती. शेजारचा बाण तिच्यात कलला.

टक्.

टाळी वाजली.

दिलवर भात्याकडे बघत राहिला. मग दोरी सोडली आणि भाता भिरकावून दिला.

"भरलेला होता तोवर गप्प. एक काढला की बोंबलला. कातड्याचा बांधतो… मग तर उद्या मीच ना?"

म्हातारा बुंध्याला धरून उठत होता. दिलवरने हात दिला नाही.

"बोला की."

"माझे हात कापतात, पोरा. टाळीसाठी ते एकमेकांजवळ आणायला मला वेळ लागतो."

"ते सगळ्या पाड्याला माहीत आहे."

म्हातारा उभा राहिला. धोतराला चिकटलेली पानं झटकली.

"मी हात उचलले तेव्हा भाता गप्प होता. तू नव्हतास."