साळिंदराच्या दारातली सालं

फार मागे एका रानात रताळ्यांचा मळा होता. उन्हाळ्यात सगळ्या प्राण्यांची पिल्लं त्याच मळ्यावर जगत. प्रत्येक घराला रताळ्यांची वाटणी मिळे. मळ्याच्या राखणीला कुत्रे होते आणि भुरक्या त्यांचा म्होरक्या होता.

तरीही मळ्यात चोरी होत होती. कुत्रे रोज साळिंदराच्या बिळाशी जात, त्याचं तोंड हुंगत आणि दारातली माती उकरत. रताळ्याची सालं सापडली की त्याला चावून काढत. चोरी काही थांबत नव्हती.

बांधावर राहणारी टिटवी एकदा म्हणाली, "भुरक्यादादा, चोर साळिंदरच आहे हे कशावरून?"

"सालं त्याच्याच दारात सापडतात."

"दुसऱ्या कुणाच्या दारात पाहिलंत का?"

भुरक्याला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी त्याने कुत्र्यांना प्रत्येक बिळाशी धाडलं. सालं सगळ्यांच्याच दारात होती. वाटणीची रताळी सगळेच खात होते.

तेव्हापासून कुत्र्यांनी साळिंदराच्या दारात जाणं सोडलं.

काही दिवसांनी साळिंदर आपणहून भुरक्याकडे आलं. "रानडुकरं ओढ्याच्या अंगाने मळ्यात शिरतात," ते म्हणालं. "माझ्या बिळावरूनच जातात."

त्या संध्याकाळी कुत्रे ओढ्याशी दबा धरून बसले. डुकरं आल्या पावली पळाली.

"हे आधी का नाही सांगितलंस?" भुरक्याने विचारलं.

"तुम्ही रोज माझं तोंड हुंगायचात," साळिंदर म्हणालं. "त्याला एकदाही बोलू दिलं नाहीत."