तीन हात चार बोटे

पूर्वी कुंदपूर नगरात सुषेण नावाचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या नगराचा न्यायाधीश होता, नाव विनयदत्त. त्याचा शब्द इतका पक्का की बाजारात तराजू बिघडला तर लोक त्याला विचारून धान्य मोजीत. हे मी थोडे कमीच करून सांगतो आहे. त्याच्या न्यायसभेत एक नियम होता आणि तो त्यानेच घातलेला होता. ज्याचे म्हणणे खरे, त्याने न्यायासनाला हात लावून शपथ घ्यावी. जो हात मागे घेईल तो खोटा. तीस वर्षे हा नियम चालला.

मग केस पिकले. आसनावर नवा न्यायाधीश बसला. त्याच वर्षी विनयदत्ताची पत्नी वारली. मुलेबाळे नव्हतीच. घरात बोलायला कोणी उरले नाही, तेव्हा तो आमटीत मीठ कमी का पडले याचा पुरावा स्वयंपाक्याकडे मागू लागला. चौथ्या दिवशी स्वयंपाकी हात जोडून म्हणाला, "धनी, तळ्यावर जाऊन बसा ना जरा. लोक मासे धरतात. बरा वेळ जातो त्यांचा."

कुंदपुराभोवती साठ-सत्तर तळी होती. विनयदत्ताने सगळ्यांत लांबचे, मोडक्या पायऱ्यांचे तळे निवडले. तिथे त्याला पाहून उठून उभे राहणारे कोणी नव्हते, आणि उठून मग लगबगीने निघून जाणारेही नव्हते. होती फक्त काळिंदी, पाण्यात कमरेएवढी उभी राहून शिंगाडे काढणारी म्हातारी भोईण.

तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "महाराज, काठी उलटी धरलीय."

विनयदत्ताने काठी सुलटी केली.

"आणि एवढा मोठा गळ कशाला? बैल बांधायचाय का?"

तिने त्याला लहान गळ दिला. दोऱ्याला मोरपिसाचा दांडा बांधून दिला; तो पाण्यावर उभा राहतो आणि मासा तोंड लावताच बुडतो. शिशाचा मणी सोडून तळाची खोली कशी पाहायची तेही दाखवले. मग तिने गळ दोऱ्यातून सोडवून त्याच्या हातात दिला.

"हा घरी ठेवायचा. आधी आठ दिवस नुसतं वाढायचं. भाताचा कोंडा, तिळाची पेंड, जरासा गूळ, मळून गोळे. रोज हीच पायरी, हीच वेळ. पाय आपटायचे नाहीत, सावली पाण्यावर पाडायची नाही."

"आठ दिवस गळाशिवाय? मग ही मासेमारी कसली?"

"पाहुणचार म्हणा. नव्या माणसाला एवढा दम निघत नाही, म्हणून त्याला नुसतं शेवाळ मिळतं."

विनयदत्ताला दम निघाला. आठ नव्हे, चाळीस दिवस निघाला. पहिले काही दिवस बोटाएवढे मासे आले. मग एका सकाळी ते सगळे बाजूला झाले आणि खालून एक रोहू वर आला, तांब्याच्या परातीसारखा लखलखणारा. गोळा खाऊन तो पायरीपाशी थांबला. दुसऱ्या दिवशी तो आधीच येऊन थांबलेला होता. आपल्या येण्याची वाट कोणी पाहते आहे, ही गोष्ट विनयदत्त विसरूनच गेला होता.

एकेचाळिसाव्या दिवशी काळिंदी म्हणाली, "महाराज, गळ गंजला असेल एव्हाना."

त्याला लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने घरून गळ आणून टाकला. मोरपीस बुडाले. त्याने काठी उचलली, पण दोरा ताणलाच नाही. रोहूने झुंज दिली नाही. ओठात गळ घेऊन तो रोजच्यासारखा पायरीपाशी आला आणि थांबला. विनयदत्ताने त्याला ओल्या पायरीवर घेतले. सवयीने मोजले: तीन हात चार बोटे. गळ काढणे मात्र त्याला जमेना; तो काळिंदीने काढला. दोघांनी मिळून मासा पाण्यात सोडला. काठी त्याने मोडून टाकली, गोळे मात्र चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी रोहू परत आला.

वसंतोत्सवाची सभा न्यायसभेच्याच दालनात भरली होती; विनयदत्त कडेला बसला होता. राजाचे लक्ष गेले. राजा मनाने चांगला होता. "पंडित, हल्ली दिवस कसा जातो?" त्याने विचारले.

दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्या आनंदात त्याने कोंडा सांगितला, पेंड सांगितली, मोरपीस सांगितले, आणि मासाही सांगितला. तळे तेवढे सांगायचे राहिले.

"केवढा म्हणालात?"

"तीन हात चार बोटे."

सभा खो खो हसली. राजा म्हणाला, "मासे धरणाऱ्यांचे मासे घरी पोचेपर्यंत वाढतात, पंडित. पण तुम्ही म्हणता आहात. न्यायासनाला हात लावा, शपथ घ्या. उद्या सगळ्या तळ्यांत जाळी टाकतो, आणि परवाच्या पंगतीत त्याचं कालवण. तुम्हांला मानाचं पान!"

विनयदत्त उठला, आसनापाशी गेला. हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. पद गेले होते, बायको गेली होती, उरला होता तो शब्द. तो खरा ठरला तर मासा मरणार होता. राजाचा विश्वास बसला नाही तरच तो जगणार होता.

"शपथ घेणार नाही, महाराज."

"म्हणजे मासा नाही?"

"तसं मी म्हटलेलं नाही. शपथ घेणार नाही, एवढंच."

"कारण?"

"तेही सांगणार नाही."

नव्या न्यायाधीशाने जुना नियम वाचून दाखवला. सभा पुन्हा हसली. राजाने मात्र मान फिरवली. तो हसला असता तर बरे झाले असते. तिथे उभ्या उभ्या विनयदत्ताला एक कुंभारीण आठवली. बारा वर्षांपूर्वी याच आसनापुढे तिने हात मागे घेतला होता. ती कोणाला वाचवत होती, हे त्याने विचारले नव्हते. तिला खोटी ठरवून तो घरी जेवायला गेला होता.

त्यानंतर रस्त्यात पोरे त्याला पाहून दोन्ही हात फाकवून दाखवू लागली. चार रिकामटेकडे, खरेच काही असलेच तर पाहावे म्हणून, त्याच्या मागे मागे हिंडू लागले. तेव्हा त्याने तळ्यावर जाणेही सोडले. दिवसभर तो ओसरीवर बसे. स्वयंपाक्याला आता काही विचारत नसे.

महिन्याभराने काळिंदी शिंगाड्यांची पाटी घेऊन दारात आली.

"येतो तो," ती म्हणाली. "तुमच्याच वेळेला. मी गोळे टाकते, खातो. मग पायरीकडे बघत राहतो जरा."

विनयदत्ताने तळ्याच्या दिशेला पाहिले.

"राजासमोर माझं नाव का नाही घेतलंत? मी पाहिलाय ना डोळ्यांनी!"

"म्हणूनच नाही घेतलं."

काळिंदीने पाटी खाली ठेवली. "तसंही तो मासा पाहिलेली माणसं गावात दोनच. एकाला लोक खोटारडा म्हणतात, आणि दुसरीला कोणी काही विचारत नाही. भरपूर जगेल, महाराज."

विनयदत्त हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले. "बाई, बसा," तो म्हणाला. एखाद्या भोयाच्या बाईला त्या ओसरीवर कोणी 'बसा' म्हटल्याची कुंदपुरात ती पहिलीच वेळ. ती बसली. संध्याकाळपर्यंत दोघे शिंगाडे सोलत राहिले.

ही कथा तथागतांनी एका भिक्खूला सांगितली. त्याच्यावर खोटा आळ आला होता. तो दूर करायचा तर दुसऱ्याचे गुपित फोडावे लागणार होते, आणि तो एकटाच झाडाखाली बसून होता. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तुझ्यावर आळ ऐकून मान फिरवणारा तुझा मित्र. काळिंदी म्हणजे तुला रोज न विचारता भिक्षा वाढणारी ती म्हातारी. रोहू तू होतास. विनयदत्त मी होतो."

खरे असून खोटे म्हणवून घेणे, आणि म्हणणाऱ्यांवर न रागावणे, याला क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, म्हणतात.