बुलबुलताईचा दर

फार पूर्वी, पाखरांची लग्नंही मांडव घालून व्हायची तेव्हा, बुलबुलताई नवऱ्या मुलींना उखाणे रचून द्यायची. मोबदल्याचं विचारलं की म्हणायची, "द्याल ते द्या." मग चार दाणे मिळायचे आणि पिलं अर्धपोटी झोपायची.

एका सोमवारी उपास सोडताना तिने पंख जोडले. "देवा, गळा तू दिलास, तशा पिलांच्या चोचीही तूच दिल्यास." त्या दिवसापासून एका उखाण्याला एक कणीस, असा दर तिने ठरवला.

लेकीचं लग्न काढलेल्या लांडोरकाकू आल्या. "दोन ओळींना अख्खं कणीस? साळुंकी तर फुकट देते."

"मग तिच्याकडूनच घ्या, काकू." बुलबुलताईने पिलांकडे एकदा पाहिलं, पण दर उतरवला नाही.

साळुंकीने कुणाचा तरी जुना उखाणा दिला. लेकीने तो घोकला आणि भर मांडवात, मोराशेजारी बसून, पोपटरावांचं नाव घेतलं. वऱ्हाड हसून लोळलं, नवरदेव रुसला.

लांडोरकाकू धापा टाकत परत आल्या आणि कणीस पुढे ठेवलं. "आता नडलेय म्हणून जास्त मागशील ना?"

"दर तोच आहे, काकू," मान ताठ ठेवून बुलबुलताई म्हणाली, "आणि नाव तुमच्याच जावयाचं घालीन."